हार्डी जिरॅनियम: कोणतं घ्यायचं, कुठे लावायचं आणि कात्री कधी लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनच्या पश्चिमेला नवं घर घेतलंय, मागे बाग आहे. कुंपणालगत 6 मीटर लांब, दीड मीटर रुंद वाफा, अर्धा दिवस ऊन, माती घट्ट चिकण. कोपऱ्यात जुनं चेरीचं झाड, त्याच्याखाली काहीच टिकत नाही. गेल्या मे महिन्यात सुपरमार्केटातून आणलेली डझनभर जिरॅनियम डिसेंबरात काळी पडून मेली. शेजारच्या बाई म्हणतात, हार्डी, म्हणजे थंडीत बाहेर तगणारी, जिरॅनियम लावा, त्यांचं काही करावं लागत नाही. दोघांच्या नोकऱ्या, आणि शाळेला सुट्टी लागली की चार आठवडे पुण्याला. कोणती घ्यावीत, किती, आणि खरंच काही करावं लागत नाही का?

शेवटच्याचं उत्तर आधी. करावं लागतं, पण रोपं रुजल्यावर वर्षाकाठी दोन-तीन तास, आणि त्यातला निम्मा वेळ जुलैत कात्री घेऊन. कात्री किती खोल चालवायची हे मात्र झाडाच्या बुडाशी काय आहे त्यावर ठरतं. विकत घेताना नेमकं तेच कोणी बघत नाही, सगळे लेबलवरच्या फुलाचा फोटो बघतात.

मेलेली डझनभर झाडं ही पेलार्गोनियम होती. आपल्याकडे बाल्कनीत कुंडीत लाल-गुलाबी गुच्छांचं जे जिरॅनियम असतं ते हेच, आणि महाराष्ट्रात तेलासाठी ज्या जिरॅनियमची शेती होते तेही पेलार्गोनियमच. या मंडळींचं मूळ मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. लिनियसने 1753 मध्ये दोन्ही जिरॅनियम या एकाच नावाखाली घातली होती. 1789 मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण तोवर जुनं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं, ते आजतागायत सुटलेलं नाही. ओळखायला फूल पुरतं: खऱ्या जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा आकाराने नाहीतर रेघांनी वेगळ्या. थंडीचा हिशेबही तसाच वेगळा. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटिश बागकाम संस्थेच्या थंडी सोसण्याच्या श्रेणीत मॅक्रोऱ्हायझम, सँग्विनियम ही हार्डी जिरॅनियम एच 7 मध्ये येतात, म्हणजे उणे 20 अंशांच्याही खाली तगणारी. बाल्कनीतलं पेलार्गोनियम एच 1 सी, त्याला फ्रॉस्ट लागला की संपलं. ते पुन्हा हवंच असेल तर कुंडीत ठेवा, ऑक्टोबरात पहिल्या फ्रॉस्टच्या आधी 10 सेंटिमीटरवर छाटून उजेडाच्या थंड खोलीत आणा आणि मार्चपर्यंत माती जेमतेम ओली ठेवा.

लेबलवर क्रेन्सबिल हा शब्द दिसेल. क्रेन म्हणजे क्रौंच पक्षी, बिल म्हणजे त्याची चोच. पाकळ्या गळल्यावर फुलाच्या मधोमध खरोखरच एक लांब टोकदार चोच उभी राहते. ती वाळली की तिच्या पाच पट्ट्या बुडापासून तटकन सुटून वर वळतात आणि गोफणीतून खडा सुटावा तसं बी लांब फेकलं जातं. हे बघायला गमतीचं आहे, पण ज्या जातींचं बी भरपूर धरतं त्यांची वाळलेली फुलं वेळेत नाही काढली तर पुढच्या वर्षी फरशीच्या फटींतही रोपं दिसतात.

बूड बघून निवडा

गार्डन सेंटरमध्ये कुंडी हातात घ्या, पानं अलगद बाजूला सारा आणि मातीच्या पातळीवर काय आहे ते बघा. बोटाएवढी जाड, तपकिरी, खवल्यांची आडवी खोडं मातीवरून सरपटताना दिसली तर ते पसरणारं, जमीन झाकणारं झाड. मॅक्रोऱ्हायझम असंच असतं, आणि त्याचं छोटं भावंड कँटाब्रिजिएन्सही. ही हिवाळ्यातही बरीच पानं धरून ठेवतात.

एकाच ठिकाणी घट्ट गड्डा आणि त्यातून निघणारे पानांचे देठ दिसले तर ते जून-जुलैत एकदा भरभरून फुलून थकणारं: प्रॅटेन्स, मॅग्निफिकम, सायलोस्टेमॉन, आणि त्यांच्याआधी फुलणारं, सावलीतलं फेअम.

तिसरा प्रकार छोट्याशा गड्ड्यातून लांब, लवचिक फांद्या सोडणाऱ्यांचा. रोझॅन यातलं. फांद्या मीटरभर पसरतात पण जमिनीला टेकल्या तरी मुळं धरत नाहीत, त्यामुळे ते कितीही माजल्यासारखं दिसलं तरी त्याचा ठिकाणा एकच. हिवाळ्यात ते पूर्ण गायब होतं. सँग्विनियम या तिन्हींत नीट बसत नाही: जमिनीखाली बारीक आडवी खोडं, वर 25-30 सेंटिमीटरची गच्च उशी. उन्हाच्या कडेला त्याच्याइतकं निमूट झाड दुसरं नाही.

कुंडी उलटी करून मुळंही बघा. पांढरी मुळं मातीला हलकीशी बांधून असतील तर उत्तम. मुळं गोल गोल फिरून नुसती जाळी झाली असेल तर ते रोप कुंडीत फार दिवस राहिलंय, घेतलंच तर लावताना खालचा सेंटिमीटरभर थर कापून टाका. फुलांनी लदलेलं रोप घ्यायचा मोह होतो, पण 9 सेंटिमीटरच्या कुंडीतलं छोटं रोप चिकणमातीत लवकर रुजतं आणि पैसेही वाचतात.

चेरीखाली

इथे काही टिकत नाही याला सावलीइतकीच कोरडी माती कारण आहे. चेरीची मुळं अगदी वरवर पसरतात आणि उन्हाळ्यात सगळं पाणी ओढून घेतात. अशा जागी माझं पहिलं नाव मॅक्रोऱ्हायझम. 'इंगवर्सन्स व्हरायटी' फिकट गुलाबी, 'बीव्हन्स व्हरायटी' गडद. पानाला हात लागला की उग्र वास येतो, कोणाला आवडतो, कोणाला नाही. बल्गेरियात त्याला झ्द्रावेत्स म्हणतात, हे नाव आरोग्य या अर्थाच्या शब्दावरून आलंय, आणि तिथे त्याचं तेलही काढतात. पानं इतकी दाट की खाली तणाला उजेडच मिळत नाही, आणि शरदात त्यातली काही लाल होतात.

झाडाखालची 2 बाय 2 मीटरची जागा 40 सेंटिमीटर अंतराने भरायला साधारण 25 रोपं लागतील. एवढी विकत घेऊ नका. दोन लिटरच्या कुंडीतली 8 घ्या आणि लावण्याआधीच फोडा. रोप कुंडीतून काढलं की माती झटका, आडवी खोडं मोकळी दिसतील. प्रत्येक खोडाच्या टोकाला पानांचा तुरा असतो. 10-15 सेंटिमीटर लांबीचं, तुरा असलेलं खोड हाताने खेचून तोडा, करकन मोडतं, चाकू लागत नाही. त्याला मुळं एखाद-दुसरीच असली तरी चालतं. मोठी पानं काढून दोन-तीन कोवळी ठेवा, आणि खोड आडवं पुरा, तुरा तेवढा मातीवर. सरळ उभं पुरलेलं खोडही जगतं, पण आडव्याला लांबीभर मुळं फुटतात. एका कुंडीतून तीन तुकडे सहज निघतात.

झाडाखाली पूर्ण जागा खणू नका, मुळं तुटतील. बोटांनी चाचपून मुळांमधल्या पोकळ जागा शोधा आणि तिथेच खुरप्याने लावा. बुंध्यापासून 30 सेंटिमीटर सोडा. सगळीकडे एकच पान नको असेल तर मध्ये चार-पाच फेअम घाला. एप्रिल-मेमध्ये उंच काटकीवर जवळजवळ काळी-जांभळी फुलं येतात, इंग्रजीत त्याला शोकमग्न विधवा म्हणतात, पण प्रत्यक्षात झाड चांगलं देखणं आहे. नोडोसमही या सावलीत तगेल, मात्र ते बी फार टाकतं.

कुंपणाचा वाफा

इथे रोझॅन हवंच. 1989 मध्ये सॉमरसेटमधल्या डॉनल्ड आणि रोझॅन वॉटरर यांच्या बागेत हा संकर सापडला, 2000 साली बाजारात आला आणि 2013 मध्ये चेल्सी फ्लॉवर शोच्या शताब्दीला शतकातलं रोप म्हणून निवडला गेला. कौतुक अनाठायी नाही. ते बी धरत नाही, आणि बी धरण्यात शक्ती खर्ची पडत नसल्यामुळे जूनपासून फ्रॉस्ट पडेपर्यंत निळी-जांभळी फुलं येतच राहतात. पण एक रोप 60-75 सेंटिमीटर जागा खातं. सहा मीटरमध्ये तीन पुरेत. सहा लावलीत तर दुसऱ्या वर्षी बाकी सगळं त्याच्याखाली गेलेलं असेल.

पुढच्या कडेला 'बायोकोव्हो', 30 सेंटिमीटरवर एक. हे कँटाब्रिजिएन्स, क्रोएशियातल्या बायोकोव्हो डोंगरावर निसर्गतःच झालेला संकर, मॅक्रोऱ्हायझम एका बाजूने. पांढऱ्यात गुलाबी झाक असलेली फुलं, उंची 20-25 सेंटिमीटर, बी नाही. नऊ रोपं घ्या. मागे कुंपणाला धरून एकच सायलोस्टेमॉन: 1 मीटर 20 पर्यंत जातं, भडक मजेंटा फूल आणि मध्ये काळा डोळा. त्याला मे महिन्यातच काटक्यांचा आधार द्या. कोलमडल्यावर बांधलेलं झाड केरसुणीच्या जुडीसारखं दिसतं.

उरलेली जागा जिरॅनियमने भरू नका. ऑक्टोबरात रोझॅनच्या आजूबाजूला डॅफोडिलचे कंद पुरा. मार्चमध्ये डॅफोडिल फुलतं तेव्हा रोझॅन जमिनीखाली असतं, आणि मेमध्ये डॅफोडिलची पिवळी, लोळणारी पानं नकोशी होतात तेव्हा रोझॅन ती झाकून टाकतं.

दोन नावं टाळा. ऑक्सोनियानम 'क्लॅरिज ड्रूस' हे जिथे काहीच येत नाही तिथे वरदान, पण दीड मीटरच्या वाफ्यात ते बी टाकून टाकून चार वर्षांत मालक होतं. दुसरं प्रोकरन्स: त्याच्या फांद्या जिथे टेकतील तिथे मुळं धरतात.

चिकणमातीत लावणी

सर्वांत मोठं काम लावणीच्या आधीचं. वाफ्यात बाइंडवीड किंवा ग्राउंड एल्डर असेल तर आधी तो पूर्ण काढा, एक संपूर्ण हंगाम गेला तरी जाऊ द्या. जिरॅनियमच्या गड्ड्यात या तणांची पांढरी मुळं एकदा शिरली की सगळं उपटून, मुळं धुऊन एकेक धागा काढावा लागतो. आळस परवडणारी झाडं म्हणून लावतो आणि इथे आळस केला तर तो नडतो.

लावायला सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत चांगला, माती अजून कोमट असते आणि पाऊस सुरू झालेला असतो. चुकला तर मार्चअखेर ते एप्रिल. ओल्या चिकणमातीवर पाय देऊ नका. मातीचा गोळा करून बघा: बोटाने दाबल्यावर भुगा झाला तर काम करा, पुरणाच्या गोळ्यासारखा दबला तर थांबा.

वाफ्यावर 5 सेंटिमीटर कंपोस्ट पसरा आणि फोर्कने वरच्या 20-25 सेंटिमीटरमध्ये मिसळा. संपूर्ण वाफ्यात मिसळायचं हे महत्त्वाचं. फक्त खड्ड्यात कंपोस्ट भरलं तर चिकणमातीतला तो खड्डा पावसाळी हौद होतो, सगळीकडचं पाणी त्यात उतरतं आणि जानेवारीत गड्डा कुजतो. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीच. रोप आधी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. गड्ड्याचा माथा मातीच्या पातळीवर यायला हवा. खोल गेला तर कुजतो, वर राहिला तर फ्रॉस्टने माती फुगून रोप वर ढकललं जातं, म्हणून पहिल्या हिवाळ्यात दोनदा फेरी मारून उचकटलेली रोपं पायाने हलकेच दाबा.

पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक रोपाला 5 लिटर. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून वाफ्याला पाणी लागणार नाही, चेरीखाली मात्र कडक उन्हाळ्यात एखाद-दोनदा द्या. खत जवळजवळ नाहीच. दर मार्चमध्ये गड्ड्याचा माथा सोडून 5 सेंटिमीटर कंपोस्ट पसरलं की झालं. लॉनचं खत इकडे उडू देऊ नका. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत, देठ लांब, फुलं मोजकी, आणि पहिल्या जोरदार सरीत झाड मधोमध फाटून चारही बाजूंना लोळतं.

जुलैची कात्री

तुमची सुट्टी इथे आयती पथ्यावर पडते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, विमानाच्या आधीच्या शनिवारी, हे काम करा.

गड्डेवाली, म्हणजे प्रॅटेन्स, मॅग्निफिकम, फेअम, सायलोस्टेमॉन, फुलून पिवळी पडायला लागलेली असतात. सगळी पानं-देठं वेणीसारखी एका मुठीत धरा आणि जमिनीपासून 3-5 सेंटिमीटरवर कापा. हात थरथरतो, झाड मारतोय असं वाटतं. पण कापण्याआधी गड्ड्याच्या मध्यात डोकावा, तिथे घडी घातलेली हिरवी कोवळी पानं आधीच तयार असतात. कापल्यावर प्रत्येकाला एक बादली पाणी द्या आणि निघा. दोन-तीन आठवड्यांत ताज्या पानांची उशी तयार होते. तुम्ही परत येता तेव्हा ती उभी असते, कापलेलं उघडं रूप बघायला तुम्ही नसताच. पाणी न देता कापलं तर मात्र दुष्काळी वर्षात नवी पानं सप्टेंबरपर्यंत लांबतात.

मॅक्रोऱ्हायझम आणि बायोकोव्होला हा नियम लावू नका. त्यांचे फक्त वाळलेले फुलांचे देठ ओढून काढा. खोडापर्यंत छाटलं तर पानांचं आच्छादन जातं आणि तणाला वाट मिळते.

रोझॅनला जुलैत हात लावायची गरज नसते. मध्ये टक्कल पडून फांद्या फार लांबल्या असतील तरच अर्ध्यावर कापा, तीन आठवड्यांत पुन्हा फुलेल. त्याची खरी छाटणी नोव्हेंबरात, पानं काळी पडल्यावर, जमिनीलगत. तेव्हा शेजारी एक काठी रोवा. रोझॅन एप्रिल उजाडेपर्यंत वर येत नाही, आणि मार्चमध्ये मेलं समजून खणून टाकलेल्या रोझॅनांची संख्या थंडीने मेलेल्यांपेक्षा नक्कीच जास्त असेल.

काय बिघडतं

प्रॅटेन्सच्या पानांवर जुलैत पांढरी भुरी आली तर मुळांशी कोरड आहे. फवारणीच्या फंदात पडू नका, जमिनीलगत कापा, पाणी द्या, कापलेला पाला कंपोस्टमध्ये टाकू नका. पानांना बारीक गोल भोकं पडून चाळण झाली तर सॉफ्लाय या कीटकाच्या अळ्या, पानाच्या खालच्या बाजूला राखाडी-हिरव्या. दिसायला वाईट, झाडाला फरक पडत नाही, सोडून द्या.

लक्ष द्यायचं ते वाइन वीव्हिल या भुंग्याकडे. रोप धडधाकट असताना एकाएकी मलूल होतं आणि ओढल्यावर मुळांशिवाय हातात येतं. मातीत तपकिरी डोक्याच्या, बिनपायांच्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या मळकट पांढऱ्या अळ्या सापडतील, सेंटिमीटरभर लांब. वाफ्यापेक्षा कुंड्यांमध्ये हा त्रास जास्त. ऑगस्ट-सप्टेंबरात नेमाटोड, म्हणजे या अळ्या मारणारे सूक्ष्म कृमी, विकत आणून पाण्यातून ओल्या मातीत सोडा. तुम्ही ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परतता, वेळ साधते. मॅक्रोऱ्हायझमचं तुटलेलं डोकं फेकू नका, वर सांगितलं तसं आडवं पुरलं की पुन्हा मुळं धरतं.

चार-पाच वर्षांनी मॅक्रोऱ्हायझमची खोडं मातीवर उघडी पडून टोकालाच पानं राहतात. तेव्हा कंपोस्टचा जाड थर देऊन खोडं झाका, नाहीतर तोडून पुन्हा लावा. गड्डेवाली मध्ये पोकळ झाली की मार्चमध्ये उपटा, दोन फोर्क पाठीला पाठ लावून घुसवून फोडा, बाहेरचे तरुण तुकडे ठेवा आणि मधला लाकडी भाग टाकून द्या. रोझॅनचा गड्डा घट्ट असतो, तो धारदार सुरीने, आणि वसंतातच, कोंब दिसल्यावर.

अमेरिकेत न्यू जर्सीकडे असाल तर उन्हाळा दमट आणि तापट, तिथे रोझॅनला दुपारची सावली द्या. बायोकोव्हो तिथेही चांगलं चालतं, आणि झाडांखाली पूर्व अमेरिकेतलंच मॅक्युलेटम लावा. पुण्याच्या बागेसाठी मात्र यातलं काही नेऊ नका. रोपं भारतात न्यायची तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि तेवढं करूनही एप्रिल-मेच्या उन्हात ती टिकणार नाहीत.

भारतात हे कूळ बघायचं तर वर, हिमालयात. रोझॅनचे दोन्ही पालक तिथलेच: हिमालयेन्स, आणि वॉलिचियानमची 'बक्सटन्स व्हरायटी'. वॉलिचियानमला नाव मिळालं ते कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांच्यावरून. उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये ते जुलै-ऑगस्टात, म्हणजे ऐन तुमच्या सुट्टीत, फुललेलं असतं. फूल गुलाबी-जांभळं, मध्याशी फिकट. खूण पटवायची असेल तर देठ जिथून फुटतो तिथे बघा: पानाच्या बुडाशी दोन रुंद उपपर्णं एकमेकांना चिकटून खोडाभोवती कॉलरसारखी बसलेली असतात.